होडीची पाटणी

लाकूड पाण्याने कुजते असे आपण सर्रास म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओलीइतकीच हवाही लागते. म्हणून नदीच्या गाळात खोल रुतलेला ओंडका पिढ्यानुपिढ्या टिकतो, आणि त्याच लाकडाची फळी वर पाऊस व खाली कोंदट ओल अशा अवस्थेत चार-सहा वर्षांत हाताने चुरता येईल इतकी भुसभुशीत होते. फळीतली ओल तिच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिली, तर बुरशीचे काही चालत नाही. होडीत मात्र नेमकी उलट व्यवस्था असते. ओल भरपूर, हवा थोडी, ऊब पुष्कळ.

कला शाखेच्या वार्षिकात सुतारकाम कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. माझे वडील नाथसागरावर मासे धरतात, आणि गेल्या वैशाखात आमच्या होडीची पाटणी बदलायचे काम घरातल्या सगळ्यांनी मिळून केले. छत्रपती संभाजीनगरात जे नळाचे पाणी आपण पितो, ते पैठणच्या ज्या जलाशयातून येते, त्याच्यावर होड्याही चालतात हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. आमचे आजोबा त्याआधी गोदावरीवर उतारू पलीकडे पोचवीत. नदीचा सागर झाला तसा उतारूंचा धंदा संपला, आणि रोहू, कटला, मृगळ यांच्यावर घर चालू लागले.

होडीची रचना समजून घेतली तर पुढचे सारे सोपे आहे. आमची होडी सोळा फुटी, सपाट बुडाची. बुडाच्या फळ्या पाण्याला लागून. त्यांच्यावर आडव्या बरगड्या, माळवदाच्या घरात तुळया असतात तशा. आणि बरगड्यांवर फळ्यांची पाटणी. माणूस उभा राहतो, जाळे ठेवतो, मासळी टाकतो ती या पाटणीवर. पाटणी पाणी अडवीत नाही, ती फक्त भार वाहते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण पाटणी आणि बूड यांच्यामधल्या चार बोटांच्या पोकळीत पावसाचे पाणी, माशांचे खवले, चिखल, जाळ्याचे तुकडे असा सगळा गाळ साचतो, आणि कुज सुरू होते ती तिथे. प्रत्येक बरगडीच्या तळाशी पाणी पुढे सरकावे म्हणून एक भोक ठेवलेले असते. ते भोक बुजले की दोन बरगड्यांमध्ये एक डबके तयार होते, आणि पाणी उपसायचा डबा तिथवर पोचतच नाही. आमच्या होडीत सातपैकी चार भोके बुजलेली निघाली. वरून पाहता पाटणी धडधाकट होती, डांबर लावल्यामुळे तर झकास दिसत होती. धाकट्या भावाचा पाय घोट्यापर्यंत आत गेला तेव्हा कळले. तो किनाऱ्यावर होता म्हणून बरे. पाण्याच्या मधोमध जाळे ओढताना हे झाले असते तर होडी कलंडायला वेळ लागला नसता, आणि नाथसागरावर वारा सुटला की लाटा समुद्राची आठवण करून देतात.

गावातल्या एका मिस्त्रींनी सल्ला दिला, जुन्या पाटणीवर नवी ठोका, एका दिवसात काम. हा सल्ला फार ठिकाणी मिळतो. खर्च कमी, आणि दिसायला नवे. पण कुजक्या लाकडावर चांगले लाकूड ठोकणे म्हणजे बुरशीला ताजे ताट वाढणे. शिवाय खिळा पकडणार कशाला? वडिलांनी ऐकले नाही. माझ्या मते संपूर्ण कामात हा निर्णय सर्वांत मोलाचा.

आता कुज कुठवर गेली आहे हे ओळखायचे कसे? टोच्या फळीत आडवा खुपसून उचकटावा. निरोगी लाकडाची लांब चरचरीत सळ निघते. कुजलेले बिस्किटासारखे आखूड तुटते. हातोडीच्या दांड्याने ठोकले तर एक खणखणते, दुसरे बद्द वाजते. दिसणाऱ्या कुजीपाशी थांबायचे नाही. बुरशीचे तंतू धाटणीच्या दिशेने डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे पोचलेले असतात, म्हणून आणखी सुमारे फूटभर कापून टाकावे. आमच्या दोन बरगड्यांची टोकेही अशी गेली होती. बरगड्या सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. त्यांच्यावरच होडीचा आकार उभा असतो. काठांना आडवे दांडे बांधून, आधी रुंदीची मापे दोरीला गाठी मारून घेतली आणि मग एक काढली की एक बसवली.

लाकूड कोणते, यावर घरात आठवडाभर वाद झाला. सागाचा गाभा उत्तम, पण त्याचा भाव ऐकून वडील गप्प झाले. बाभळीचा गाभा चिवट आणि टिकाऊ, आमच्याकडच्या बैलगाड्यांची चाके त्याचीच होत. बरगड्यांना तो घेतला. आंबा स्वस्त, रुंद फळ्या मिळतात, पण कुजायला उतावीळ. पाटणीला शेवटी जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या सागवानी फळ्या मिळाल्या. कुठलेही लाकूड असो, पांढरट बाहेरचा भाग काढून गाभाच घ्यावा, कारण झाडाला किडीपासून वाचवणारी द्रव्ये गाभ्यात असतात. प्लायवूड घ्यायचेच असेल तर ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे, पाण्यासाठी बनवलेले घ्यावे, आणि त्याच्या कापलेल्या कडा नीट बंद कराव्यात.

लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत मात्र सहा इंची फळी भिजल्यावर एक-दीड सूत वाढते. बुडाच्या फळ्यांना हा गुण उपकारक आहे. त्या घट्ट बसवून सांध्यांत डांबरात भिजवलेला सुताचा पीळ ठोकतात, मग पाण्यात फुगून सांधे आपोआप आवळले जातात. पाटणीला हाच गुण घातक. ती घट्ट बसवली तर फुगून कमानीसारखी उचलते आणि खिळे उपटते. म्हणून फळ्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवली, आणि मधल्या तीन फळ्या खिळ्यांनी न ठोकता फिरत्या लाकडी अडसराने बसवल्या, म्हणजे दर आठवड्याला उचलून खालचा गाळ काढता येतो. फटींतून हवाही खेळते. जुन्या पाटणीत नव्हती ती हीच गोष्ट.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. साधा लोखंडी खिळा ओल्या बाभळीत किंवा सागात गंजतो, भोवती काळा डाग पडतो आणि तेवढे लाकूड मऊ होते. प्रत्येक खिळ्याआधी गिरमिटाने भोक पाडले. नाहीतर बाभूळ हमखास उकलते. फळीची टोके नळीसारखी पाणी ओढतात, त्यांना जवसाच्या गरम तेलाचे तीन हात, बाकीच्या अंगाला दोन. कोकणात यासाठी काजूच्या टरफलाचे तेलही वापरतात. विषारी औषधे लावलेले लाकूड बाजारात मिळते, पण ज्या फळीवर खायची मासळी पडते तिथे ते नको, असे माझे ठाम मत आहे. आणि ओल्या लाकडावर रंग चढवू नये. ओल आतच कोंडली जाते.

कोकणची मंडळी पावसाळ्यात होड्या वर ओढतात, झावळ्यांनी झाकतात व डागडुजी करतात. आमचे वेळापत्रक उलटे आहे. आमचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत तर ते मृतसाठ्यावर गेले आणि होड्या भेगाळलेल्या चिखलात बसल्या. समुद्रावरच्यांना लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भीती, तो गोड्या पाण्यात नाही. पण खारे पाणी बुरशीला आवडत नाही, आणि ते संरक्षण आम्हांला नाही. शिवाय वैशाखाच्या उन्हात होडी उघडी ठेवली तर फळ्या तडकतात, म्हणून आम्ही ती बाभळीच्या सावलीत पोत्यांखाली तीन आठवडे वाळवली.

काम संपल्यावर होडी लगेच धंद्याला लावली नाही. काठाशी बांधून दोन दिवस पाण्यात ठेवली. पहिल्या सकाळी अकरा डबे पाणी उपसावे लागले, दुसऱ्या सकाळी तीन. वडिलांनी मधल्या फळ्या उचलून साती भोकांतून बोट फिरवले, आणि जाळे आत टाकले.