गुठळी ताजी की जुनी?

सकाळी ८ : वॉर्डातला राउंड. मालेगावकडचा तिशीतला शेतकरी. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं, पण ताप आणि पोटदुखी हटेना. डॉप्लरमध्ये पोर्टल व्हेनमध्ये ताजी गुठळी दिसली. आतड्यांचं नि पाणथरीचं रक्त यकृताकडे नेणारी ही शीर. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश तिच्यातूनच येतं. यकृताचं नाव निघताच नातेवाइकांच्या नजरा त्याच्याकडे. तो कळवळून म्हणतो, "साहेब, मी तं दारूले हातबी नाही लावला जी!" खरंच आहे, त्याचं यकृत ठणठणीत आहे. अँटिबायोटिक चालूच आहे, सोबत पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ करणारं हेपॅरिन. उपचार जितका लवकर, तितकी शीर मोकळी होण्याची आशा जास्त. सिस्टरला बजावतो : दुखणं एकदम वाढलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर लगेच कळवा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर पुन्हा सर्जन लागतो.

१० : ओपीडी. रिसोडची दहा वर्षांची मुलगी, मागे रक्ताची उलटी झालेली. पाणथरी बरगडीखाली चार बोटं लागते. हिची गुठळी जुनी. मोठा रस्ता बंद पडल्यावर शेतातून पायवाटा पडाव्यात, तशा शिरेभोवती बारीक शिरांचं जाळं झालंय. जन्मानंतर नाळेला झालेला जंतुसंसर्ग हे एक कारण. पुष्कळदा कारण सापडतच नाही. इथं रक्त पातळ करायची घाई नाही. नागपूरच्या सुपर स्पेशालिटीसाठी चिठ्ठी देतो : आधी दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड, मग शंट ऑपरेशनचा विचार.

दुपारी १ : रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांचे आयएनआरचे, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे, रिपोर्ट. हवा २ ते ३. एका आजोबांचा ४.८! कंबर दुखली म्हणून गावात वेदनाशामक घेतलं होतं. त्यांची अॅसिट्रॉमची गोळी आज बंद, परवा पुन्हा तपासणी. मेथी-पालकाने गोळीचा असर बदलतो, पण ती सोडायची नाही, रोजचं प्रमाण मात्र तेवढंच ठेवायचं.

४ : गुठळीचं कारण न सापडलेल्या एका बाईंचं रक्त जेएके-२ या जनुकाच्या तपासणीसाठी पाठवलं. गुठळी रोखणाऱ्या प्रोटीन सी आणि एसची तपासणी आत्ता नाही. अॅसिट्रॉम चालू असताना ते कमीच दिसतात.

रात्री ८ : शेतकऱ्याचा ताप उतरलाय. "सोयाबीन सोंगाले जाऊ ना?" बरा झालास की जा, पण रक्त पातळ करायची गोळी किमान सहा महिने, आणि विळा जपून.