दार उघडण्यापूर्वी...

घरात मार खाणारी, रात्रंदिवस टोमणे-धमक्या सोसणारी किंवा लहानपणी जवळच्याच माणसाने केलेल्या अत्याचाराचे ओझे आजवर मनात घेऊन फिरणारी स्त्री मदत मागायला निघते खरी, पण तिचे पाय दारापर्यंत जाऊन परत फिरतात. ‘आत काय विचारतील? लगेच नवऱ्याला बोलावतील का? मलाच दोष देतील का?’ नवऱ्याच्या नोकरीमुळे लखनौसारख्या परक्या शहरात संसार थाटलेल्या मराठी मुलीची अडचण तर आणखी मोठी. माहेर रेल्वेने एका दिवस-रात्रीच्या अंतरावर आणि रडायचे झाले तरी परक्या भाषेत! म्हणूनच समोरासमोरच्या समुपदेशनात नेमके काय घडते, हे आधीच माहीत असलेले बरे.

जायचे कुठे?

१ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने ‘वन स्टॉप सेंटर’ ही योजना सुरू केली. लखनौमधील असे केंद्र कानपूर रोडवरील लोकबंधू रुग्णालयाच्या आवारात आहे. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि गरज पडल्यास काही दिवसांचा निवारा या सोयी एकाच ठिकाणी मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. १८१ या मदतवाहिनीवरूनही तिथपर्यंत पोहोचता येते. स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांसाठी काम करणारी ‘आली’ ही संस्था १९९८ पासून याच शहरात आहे. महाराष्ट्राला तर ही वाट जुनीच. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजसेविका थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या.

पहिली भेट

पहिली भेट साधारण तासाभराची असते. नाव, घरात कोण कोण आहे, मुले किती, असे साधे प्रश्न आधी येतात. मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘आज घरी परत जाणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी रात्रीची सोय पाहिली जाते. कागदपत्रे व थोडे पैसे कुठे ठेवायचे, अडचणीच्या वेळी कुणाला हाक मारायची, हेही ठरवले जाते.

पहिल्याच दिवशी सगळे सांगितलेच पाहिजे, असे मुळीच नाही. ‘याविषयी आज नको,’ असे खुशाल म्हणा. रडू आले तर येऊ द्या. शब्द सुचले नाहीत, तारखा आठवल्या नाहीत, तरी संकोच नको. हा कोर्टातला जबाब नव्हे. भाषा अडत असेल तर तसे सांगा, मात्र दुभाषी म्हणून घरातले माणूस नेऊ नका.

तुमचे बोलणे गुप्त राहते. पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अत्याचार सोसणारे मूल १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे समुपदेशकावर बंधनकारक असते. जिवाला धोका असला तरीही इतरांना सांगावे लागू शकते. या मर्यादा पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

समेटाची घाई नको

‘थोडं सांभाळून घ्या, मुलांकडे बघा,’ असे कुणी पहिल्याच दिवशी म्हणू लागले, तर ते समुपदेशन नव्हे! कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासमोर मारणाऱ्याला आपल्या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणे, हा या समुपदेशनाचा उद्देश. समेट व्हायचा तो स्त्रीची इच्छा असेल तरच. सल्लागार पटला नाही तर दुसरा मागण्यात गैर काही नाही. आणि वकिलाच्या खर्चाची धास्तीही नको. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

घरी परतल्यावर

पहिल्या एक-दोन भेटींनंतर मन हलके होण्याऐवजी अधिक जड वाटू शकते. झोप उडते, जुन्या आठवणी वर येतात. अनेकजणी इथेच येणे सोडतात. तसे करू नका, पुढच्या भेटीत हेच सांगा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या प्रवासाचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाणे व गमावलेल्याचा शोक, आणि शेवटी माणसांत पुन्हा मिसळणे. क्रम महत्त्वाचा. पायाखालची जमीन स्थिर झाल्याशिवाय जखम उकरायची नसते. झोप, भूक पार गेली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाची मदत लगेच घ्यावी. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक त्यासाठी आहे.

समुपदेशक तुमचे निर्णय घेणार नाही. घर सोडा असेही सांगणार नाही आणि घरीच राहा असेही नाही. ‘तुमच्यावर विश्वास आहे, यात तुमची चूक नाही,’ एवढे मात्र ती नक्की म्हणेल. आणि तुमच्या घरातली लेक, बहीण किंवा सून तिथे जायला निघाली असेल, तर तिला प्रश्न विचारत बसू नका. दारापर्यंत सोबत जा आणि ती बाहेर येईपर्यंत थांबा.