दाढ गेली, कळ का राहिली?

किडलेली दाढ काढली की दुखणे थांबते, हा नेहमीचा अनुभव. दोन-चार दिवस हिरडी ठणकते, मग आपण सारे विसरतो. पण कधी कधी दाढ जाते आणि जबडा मात्र दुखतच राहतो. दुखणारी दाढच जागेवर नाही, तर मग दुखते तरी काय?

एक सोपा प्रयोग करा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवून तोंड सावकाश उघडा आणि मिटा. बोटांखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड मोठे उघडताना पुढेही सरकतो. दंतवैद्याकडे बराच वेळ आ वासून बसल्यावर हा सांधा व त्याभोवतीचे स्नायू दुखावू शकतात. असे दुखणे चावताना, जांभई देताना वाढते.

दुसरे कारण जखमेत असू शकते. दाढेच्या रिकाम्या खळगीत रक्ताची गुठळी बसते. ती हाडाचे झाकणच होय. ती निघून गेली तर हाड उघडे पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ठणका कमी होण्याऐवजी वाढतो. दंतवैद्य खळगी पाहून हे ओळखतो.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची संवेदना एक मोठा मज्जातंतू मेंदूकडे नेतो. कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा अशा त्याच्या तीन शाखा. म्हणून तो त्रिशाखी मज्जातंतू. दारावरच्या घंटेची तारच बिघडली, तर दारात कोणी नसतानाही घंटा वाजते. तसेच येथे घडते. उपचारात तंतूच्या एखाद्या फाट्याला इजा झाली, तर जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा मागे राहू शकतो.

याच तंतूचा एक वेगळा विकार आहे. लंडनचे वैद्य जॉन फॉदरगिल यांनी १७७३ साली त्याचे नेमके वर्णन केले. तोंड धुताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी विजेच्या झटक्यासारखी कळ येते आणि काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत थांबते. ही कळ दातातूनच आल्यासारखी वाटते. त्यामुळे अनेकांनी चांगले दात एकामागून एक काढून घेतले, तरी कळ गेली नाही! १९६२ साली कार्बामाझेपीन हे औषध या विकारावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध झाले. ते तंतूंमधील अवाजवी संदेशांना आवर घालते.

क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, किडलेला दात दिसतो. कळ दिसत नाही. म्हणून रोग्याचे वर्णन हेच निदानाचे मोठे साधन. कोठे दुखते? ठणकते, जळते, की झटका बसतो? किती वेळ? कशाने वाढते, कशाने थांबते? आठवडाभर वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवा. मात्र ताप, सूज, तोंड न उघडणे किंवा गिळताना त्रास होणे, यांपैकी काही असेल तर वहीसाठी थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि निदान पक्के होण्याआधी आणखी एक दात काढावा असे वाटू लागले, तर दंतवैद्याला आधी एवढेच विचारा : "दुखणे या दाताचेच आहे, हे कशावरून?"