लक्ष लागत नाही, कामं अर्धवट राहतात? आधी विचारा, ‘कधीपासून?’

‘पोरगा हुशार आहे हो डॉक्टर, पण दप्तरातली निम्मी वस्तू शाळेतच विसरून येतो.’ ‘आमचे हे कामाला वाघ, पण एक बिल वेळेवर भरतील तर शपथ.’ ‘दादांना हल्ली पेन्शनचा हिशेब जमेना झालाय.’ सातारा असो वा सांगली, जनरल ओपीडीत अशा तक्रारी नेहमी येतात. तिन्ही ऐकायला सारख्या, पण कारणं फार वेगळी असू शकतात. ती ओळखण्याची पहिली किल्ली एका साध्या प्रश्नात आहे: हे कधीपासून आहे?

मेंदूतला कारभारी

ठरवलेलं काम वेळेत, क्रमाने पार पाडण्याच्या क्षमतेला ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. त्याचे तीन मुख्य भाग आहेत.

- कामापुरती आठवण: चार जिन्नस मनात ठेवून दुकानातून बरोबर आणणे.
- स्वतःला आवरणे: राग आला तरी तोंड सांभाळणे, अभ्यासाच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवणे.
- मार्ग बदलणे: एसटी चुकली तर न गोंधळता दुसरी सोय पाहणे.

या कामात कपाळामागच्या मेंदूचा वाटा मोठा असतो. हा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. बुद्धी आणि हा कारभार या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून हुशार मूलही इथे अडखळू शकतं.

उत्तर ‘लहानपणापासून’ असेल तर

एडीएचडी, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता हे मेंदूच्या जडणघडणीतले फरक आहेत. ते दुर्मीळ नाहीत. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ ४,००० मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण आठांपैकी एका मुलात मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण आढळली. त्यात ऐकण्या-पाहण्याच्या अडचणी आणि फिट्सही धरल्या होत्या.

२००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्य थराची वाढ पाहिली गेली. हा थर निम्म्या भागांत सर्वाधिक जाडी गाठतो ते वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षं होतं, तर एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. ही गटाची सरासरी आहे. स्कॅन काढून एडीएचडीचं निदान होत नाही. पण ‘मुद्दाम करतो’ म्हणून मुलाला मारण्याआधी हे आठवावं.

एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. वयाबरोबर त्याचं रूप बदलतं. लहानपणी पळापळ दिसते. मोठेपणी आतली अस्वस्थता, हरवणाऱ्या किल्ल्या, थकलेले हप्ते. मुलींमध्ये धडपड कमी आणि हरवलेपण जास्त असू शकतं, त्यामुळे त्या नजरेतून सुटतात. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. ‘मीपण लहानपणी असाच होतो,’ असं वडील म्हणाले, तर ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे.

सुरुवात गर्भातून

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या मातांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर, वर्तुळांतले अंक क्रमाने जोडायला त्यांना सरासरी १८२ सेकंद लागले. बी-१२ जास्त असलेल्या मातांच्या मुलांना १५९ लागले. उलट्या क्रमाने आकडे सांगण्यातही पहिला गट थोडा मागे होता. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक नव्हता. अभ्यास छोटा होता आणि त्यावरून कोणत्याही आईला दोष देता येत नाही. पण शाकाहारी घरातल्या गरोदर बाईने बी-१२ बद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

उत्तर ‘हल्लीच’ असेल तर

आयुष्यभर टापटिपीने राहिलेला माणूस बदलला, तर तो एडीएचडी असण्याची शक्यता कमी. तेव्हा आम्ही झोप, घोरणं, नैराश्य, दारू, थायरॉइड, बी-१२, साखर आणि चालू गोळ्या तपासतो. यातली बरीच कारणं उपचारांनी सुधारतात. वयस्कर माणसांत स्मृतिभ्रंशाचाही विचार करावा लागतो. देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो आहे. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

थांबू नका: काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळ सुरू झाला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर लगेच रुग्णालय गाठा.

कुठे जायचं?

- आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. मुलांची नजर आणि कान आधी तपासून घ्या.
- पुढे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय आणि मिरज-सांगलीची शासकीय रुग्णालयं इथे चौकशी करा.
- अंगणवाडी आणि शाळेतल्या आरोग्य तपासणी पथकालाही मुलाची अडचण सांगा.
- फोनवर मोफत सल्ल्यासाठी टेलिमानस: १४४१६.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मात्र दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरुवात करा.

घरी काय करता येईल?

एका वेळी एकच सूचना द्या. ‘आवर सगळं’ म्हणण्यापेक्षा ‘आधी वह्या दप्तरात ठेव’ म्हणा. किल्ली, चष्मा, मोबाइल यांची जागा ठरवा. हप्त्यांच्या तारखांचे अलार्म लावा. गरज असेल तिथे एडीएचडीवर औषधंही आहेत, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

आणि तपासणीला येताना जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन या. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा दुसरीतल्या बाईंचा शेरा चाळिशीतल्या माणसाच्या निदानालाही मदत करतो.