लिंबाच्या पानावरील रुपेरी रेघ

टिटवाळ्यास काळू नदीकाठच्या मळ्यात किंवा घराच्या परसात कागदी लिंबाचे रोप लावले असता नव्या पालवीवर पुष्कळदा नागमोडी, रुपेरी रेघा उमटतात व पाने आक्रसतात. गोगलगाय फिरून गेली असावी, असे पाहणारास वाटते. वस्तुतः हे काम पाने पोखरणाऱ्या अळीचे होय.

या अळीचा पतंग पंख पसरूनही जेमतेम चार-पाच मिलिमीटर भरतो. स्टेन्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. विलायतेत ओक वृक्षांच्या पानांतही अशाच सवयीचे निराळे पतंग आढळतात.

मादी कोवळ्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. अळी निघताच पानाच्या पातळ सालीखाली शिरते व आतील रस खात पुढे सरकते. अखेरीस पानाची कड दुमडून ती तेथेच कोषात जाते. हवा उबदार असल्यास दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते.

रेघ दिसताच विषारी औषध फवारणे, ही नेहमीची चूक होय. अळी सालीआड सुरक्षित राहते. मरतात ते तिच्यावर जगणारे सूक्ष्म मित्रकीटक. अमेरिकेतील फ्लोरिडात १९९३ साली ही कीड आढळली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी तेथे परदेशातून असे मित्रकीटक मुद्दाम आणून सोडावे लागले. आपल्याकडे ते निसर्गतःच आहेत, त्यांस जपावे.

फळांवर आलेल्या मोठ्या झाडास थोड्या रेघांनी विशेष अपाय होत नाही. खरा धोका रोपवाटिकेतील व नव्याने लावलेल्या रोपांस आहे. पोखरलेल्या जागेतून पावसाळ्यात खैऱ्या रोगाचे जिवाणू शिरतात व रोपाची वाढ खुंटते.

याकरिता शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी. पालवी फुटू लागताच दर तीन-चार दिवसांनी कोवळी पाने उलटून पाहावीत. अर्धा किलो निंबोळी पूड पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, तीत २० ग्रॅम साबण विरघळवून एकंदर दहा लिटर द्रावण करावे व ते सायंकाळी कोवळ्या पालवीवर फवारावे. नत्रयुक्त खत एकदम न देता विभागून द्यावे. पाणसोट वेळीच काढावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रेघ असलेले एक पान सोबत ठेवावे आणि त्यातील अळी शेतकऱ्यास प्रत्यक्ष दाखवावी. शत्रू कोठे दडतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे औषधावरील व्यर्थ खर्च आपोआप टळेल.