लाल पाकीट, लाल खेकडा, लाल काका

तैवानमध्ये कुणाच्या लग्नाचं बोलावणं आलं, तर आधी पाकीट शोधा. लालच हवं! पांढरं चुकूनही नको, ते अंत्यविधीला देतात. आत पैसे किती घालायचे? आपल्याकडे आहेर म्हणजे १०१ नाहीतर ५०१, वरचा एक रुपया हवाच. तिथे नेमकं उलटं. लग्न जोडीचं, म्हणून रक्कम सम. विषम रक्कम दुःखाच्या प्रसंगी. शिवाय ४ हा आकडा टाळायचा, कारण त्याचा उच्चार तिथल्या ‘मृत्यू’ या शब्दासारखा होतो. दाराशी बसलेली मंडळी बऱ्याचदा तुमच्यासमोरच पाकीट उघडतात, नोटा मोजतात आणि रक्कम लिहून ठेवतात. ओशाळू नका. आहेराची वही तुमच्या आजीकडेही असेल, विचारून बघा.

आता जेवण. शहरात ते हॉटेलात असतं, पण गावाकडे मांडव चक्क रस्त्यावर पडतो. या थाटाला तिथे ‘पान-तोह’ म्हणतात. गोल टेबलं, एकेका टेबलाभोवती दहा जण, आणि मांडवाच्या मागे आचाऱ्यांची फौज! एकावर एक रचलेल्या भांड्यांतून वाफेचे लोट उठत असतात. दहा-बारा पदार्थ एकामागून एक येतात. तेव्हा पहिल्या दोनांवरच आडवा हात मारू नका, कारण खरा मानकरी पुढे आहे: चिकट तांदळाच्या वाफाळत्या भातावर ऐटीत बसलेला लालभडक खेकडा.

हा खेकडा म्हणजे आपल्या कोकणातल्या चिंबोरीचा भाऊबंद. जिवंत असताना काळपट हिरवा. मग वाफेवर ठेवल्यावर लाल कसा झाला? आचाऱ्याने रंग ओतला?

छे! लाल रंग आधीपासूनच कवचात होता. त्या रंगद्रव्याचं नाव ॲस्टाझँथिन. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनचं ते नातलग. खेकड्याला ते, किंवा त्याचा कच्चा माल, खाण्यातूनच मिळतो, आणि या साखळीची सुरुवात होते पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळापासून. कवचात एक प्रथिन या रंगद्रव्याला गोधडीसारखं गुंडाळून ठेवतं. त्या पकडीत रेणू थोडा ताणला जातो, एरवीपेक्षा वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला निळसर-हिरवट दिसतो. उष्णता लागली की प्रथिनाच्या घड्या विस्कटतात आणि पकड सुटते. ॲस्टाझँथिन मात्र भलतं चिवट. एवढ्या वाफेतही ते टिकतं आणि आपला मूळ रंग दाखवतं. घरी कोळंबी शिजताना बघा, डोळ्यांदेखत हेच घडेल. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबीपणासुद्धा याच कुटुंबातल्या रंगद्रव्यांचा, आणि तोही खाण्यातून आलेला.

एव्हाना नवरा-नवरी टेबलाटेबलाशी येऊन पेला उंचावत असतात. (नवरीने तोवर पोशाख बदललेला असतो. दोन-तीन तरी होतातच!) मोठी माणसं थोडं मद्य घेतात आणि पाहता पाहता समोरचे काका कानापर्यंत लाल! लाजले की काय? नाही हो. शरीर मद्याची विल्हेवाट दोन टप्प्यांत लावतं. पहिल्या टप्प्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. दुसऱ्यात एक विकर त्याला निरुपद्रवी करतं. पण तैवानमधल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या एका जनुकात फक्त एका अक्षराचा फरक असतो आणि तेवढ्याने हे विकर ढेपाळतं. विष साचतं, चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती धडधडते. अशा माणसांनी पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो, म्हणून डॉक्टर त्यांना दारूपासून लांब राहायला सांगतात. चहा किंवा फळांचा रस घेऊन पेला उंचावला तरी चालतं. मला विचाराल तर तोच शहाणपणा.

शेवटाकडे गोड येतं. बऱ्याचदा चिकट तांदळाच्या पिठाच्या लहान लहान गोळ्या असतात, पांढऱ्या आणि गुलाबी. इथे मात्र प्रथिनं-बिथिनं शोधत बसू नका, पिठात खायचा रंग घातलेला असतो. फळांची ताटली आली की ओळखायचं, जेवण संपलं! लोक भराभर उठतात आणि उरलेलं पिशव्यांत भरून घरी नेतात. दाराशी नवरा-नवरी गोळ्या-चॉकलेटची टोपली घेऊन उभे असतात. टोपलीत हात घाला, फोटो काढा आणि मागच्यांना वाट द्या.