मेथाडोन अनुरक्षण उपचार : स्वरूप व मर्यादा

गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन हा दीर्घकालीन व पुन्हा उलटणारा आजार आहे. त्यावरील मेथाडोन अनुरक्षण उपचारपद्धती व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्क येथे विकसित केली. मेथाडोन हे हेरॉईनप्रमाणेच मेंदूतील ग्राहींवर कार्य करते. मात्र तोंडाने घेतलेल्या मात्रेचा परिणाम सुमारे २४ तास टिकतो. परिणामी, योग्य मात्रेत नशा न चढता अंगदुखी, जुलाब, तळमळ ही लक्षणे शमतात. सुईचा वापर व त्यासोबत एचआयव्हीचा धोका घटतो. 'एका व्यसनाऐवजी दुसरे' हा आक्षेप म्हणूनच अपुरा ठरतो.

भारतात हा उपचार २०१२ मध्ये सुरू झाला, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय प्रारंभीच्या केंद्रांपैकी एक होते. अतिमात्रेने श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. यास्तव आरंभी रोज केंद्रावर, देखरेखीखालीच औषध घ्यावे लागते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील रुग्णास मुंबईचे केंद्र रोज गाठणे अशक्य होय. औषध मध्येच खंडित झाल्यास सहनक्षमता घटते व पूर्वीच्याच मात्रेतील हेरॉईन जीवघेणे ठरू शकते. सबब, औषधाच्या गुणाइतकेच केंद्राचे अंतरही रुग्णाचे भवितव्य ठरविते.